सात ते नऊ

"हे मेण आहे का? ह्याच्यात दात रोवला की दात विचार करतो, राहू की जाऊ."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. मागवणाऱ्याने एकदा हात तर लावून बघायचा होता."

बोलणारा मिशी. हळू बोल म्हणणारी टाचणी. आणि ऐकणारी मी, त्यांच्यापासून साडेतीन फुटांवर, पार्टिशनच्या अलीकडे. आमचं पार्टिशन कमरेपर्यंत प्लायचं आणि वर काचेचं आहे. बसवणाऱ्याची अशी समजूत असावी की माणसं फक्त उभी राहून बोलतात. पण कवळ्या लावणारा माणूस दिवसभर वाकलेला असतो, त्याचं तोंड बरोबर प्लायच्या उंचीला येतं, आणि तो मिशीतल्या मिशीत जे काही पुटपुटतो ते थेट माझ्या टेबलाखालून वर येतं.

मेण मीच मागवलं होतं. यादीत तीन नावं होती, मी मधल्यावर खूण केली. पूर्वी मी मेण दोन बोटांत धरून, श्वासाने ऊब देऊन बघितल्याशिवाय घेतलं नसतं. पण काचेच्या आत बसणाऱ्याने काही ऐकलेलं नसतं, असा नियम आहे. मी पेन उचललं आणि समोरच्या रजेच्या अर्जावर सही केली. अर्ज मिशीचाच होता.

आमची दातांची लॅब आहे. दवाखाने मापं पाठवतात, आम्ही त्यावरून कॅपा, ब्रिज आणि कवळ्या करून देतो. माणसाचं तोंड आम्हाला कधीच दिसत नाही. दिसतो तो त्याचा प्लॅस्टरचा जबडा, एक नंबर आणि एक कार्ड. कार्डावर डॉक्टरने लिहिलेलं असतं, कुठला दात, कुठला रंग, आणि पाठीमागे काही खास सांगायचं असेल तर ते. तेवढ्यावरून माणूस ओळखायचा. रात्री दात खाणारा कळतो, एकाच बाजूने चावणारा कळतो, वर्षानुवर्षं पेन चावणारा तर लगेच कळतो.

मी इथे आले ती प्लॅस्टरची धूळ झाडायला. शिकवलं मला कोणीच नाही. झाडू हातात धरून मी लोकांच्या खांद्यावरून बघायची, आणि घरी जाऊन साबणाच्या वडीत दाढा कोरायची. आई म्हणायची, अंघोळीला साबण उरू दे. एक दिवस एक कारागीर आजारी पडला, काम अडलं, आणि मी म्हटलं, मी बघू का करून. त्यानंतर बावीस वर्षं मी झाडू धरला नाही. शेवटची तेरा वर्षं खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर काढली. पहिलं टेबल समोरच्या दातांचं. ते खिडकीशी असतं, कारण दाताचा रंग दिव्याखाली खोटा दिसतो. सकाळच्या साध्या उजेडातच तो खरं बोलतो.

चौदा महिन्यांपूर्वी मालकांनी मला बोलावून विचारलं, "बाई, विभागप्रमुख व्हाल का?" इतक्या वर्षांनी कोणी वर ये म्हटलं तर माणूस 'कशाला' असं विचारत नाही. विचारायला हवं, हे मला आता कळतं.

घरी सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "खुर्चीला हात आहेत का?"

"आहेत."

"पाठ टेकता येते?"

"येते."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि डोळे पुसले.

तिने एका लाँड्रीत चाळीस वर्षं उभ्याने इस्त्री केली. पाठ टेकता येईल असं काम म्हणजे तिच्या दृष्टीने माणसाने आयुष्यात पोचण्याची जागा. घरात आम्ही दोघीच असतो, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिन्यातल्या सगळ्या घरांना माझ्या खुर्चीचे हात पाठ झाले होते.

तर आता मी काय करते? तक्ते भरते. रजा देते. मधल्या नावांवर खुणा करते. डॉक्टर रागावले की ते माझ्यावर रागावतात, आणि हे माझं मुख्य काम आहे. पूर्वी माझ्या नखांत प्लॅस्टर असायचं. आता नखं इतकी स्वच्छ असतात की ती कोणा दुसरीची वाटतात.

पहिल्या आठवड्यात मी डबा घेऊन बाहेरच्या लांब टेबलावर जेवायला गेले होते, नेहमीसारखी. मिशी आणि मी एकाच महिन्यात टेबलावर बसायला लागलो. बावीस वर्षं तो मला "सरक गं" म्हणत आला. त्या दिवशी तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा मॅडम." खुर्ची पुसून दिली. कोणी वाईट वागलं नाही. सगळे फार चांगलं वागले, आणि अकरा माणसं इतकी चांगली वागायला लागली की घास गिळवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी केबिनमध्ये जेवते. काचेतून सगळ्यांना दिसतं की मी काय खाते. मी सावकाश चावते.

प्लॅस्टर ओतणाऱ्या काकांचं तर फारच अवघड झालं. त्यांनी मला झाडू धरलेली पाहिलंय. अगंतुगं करवत नाही, आणि अहोजाहो तोंडातून निघत नाही. म्हणून ते माझ्याशी बिनमाणसाचं बोलतात. "चहा घेतला का?" "बरं वाटतंय का आता?" कोणाला, ते हवेत.

तर सकाळचं सांगते. सगळं त्यावर आहे.

बढतीच्या दुसऱ्या महिन्यात एकदा तक्ता पुरा करायचा राहिला म्हणून मी सात वाजता आले. लॅब नऊला उघडते, पण किल्ली माझ्याकडे असते. टेबलं रिकामी, ट्रे झाकलेले. टाचणीच्या ट्रेवरचं झाकण तिरकं होतं म्हणून ते सरळ करायला गेले. खाली एक दाढ. चांगली होती. फक्त मधली खाच उथळ होती, जेवताना तिथे दाब आला असता. मी चावा तपासायचा निळा कागद लावून बघितलं, आणि बघितल्यावर हात मागे घेणं जमलं नाही. भिंग लावलं, खाच खोल केली, भट्टी पेटवली, चकाकी दिली, दाढ गार करून पुन्हा झाकून ठेवली. मग केबिनमध्ये जाऊन बसले. दिवसभर मी कोणावर चिडले नाही. आई संध्याकाळी म्हणाली, "आज काय झालं? गुणगुणतेस."

त्या दिवसानंतर मी रोज सातला यायला लागले.

पहिलं टेबल मी सोडलं तेव्हापासून रिकामंच होतं. कोणाला द्यायचं ते ठरवायचं काम माझं होतं, आणि मी म्हणत होते, योग्य माणूस मिळू दे. सकाळी सात ते नऊ मी तिथे बसायची. कोणाची कडा जाड, कोणाचा रंग एक छटा पिवळा, मिशीच्या कवळीत एखादा दात कलता. टाचणीच्या ट्रेमध्ये सगळ्यात जास्त काम निघायचं. मी तिला कधी बोलले नाही. लहान आहे, शिकेल, असं म्हणायची आणि तिची कॅप हातात घ्यायची. नऊला दहा कमी असताना ब्रश धुऊन, टेबल पुसून मी काचेत जायची, आणि मग दिवस जायची वाट बघायची. दिवस म्हणजे दोन सकाळींच्या मधली जागा, असं झालं होतं.

कोणी काही म्हणालं नाही. मला वाटायचं, कोणाला कळलं नाही.

पूर्वी शंभरातली नऊ कामं दवाखान्यांतून परत यायची. ती तीनवर आली. मालक स्वतः एके काळचे दातांचे डॉक्टर, आता त्यांना दातांपेक्षा आलेख आवडतात. गेल्या सोमवारी त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर एक रेघ उतरत गेली होती.

"बाई, हे तुमचं नेतृत्व," ते म्हणाले. "मी दुसरी शाखा काढतोय, माहीत आहे ना? दोन्ही शाखा तुम्ही बघा. ऑफिस तिकडे, वरच्या मजल्यावर. टेबलंबिबलं काही नाही, धूळ नाही. शुक्रवारी चार वाजता सांगा मला."

"विचार करते."

"कसला विचार? आणि जाता जाता ते पहिलं टेबल भरून टाका. सगळ्यात कमी कामं कोणाची परत येतात?"

कागदावर लिहिलेलंच होतं. टाचणीची.

"मग तिला द्या," ते म्हणाले. "इथेही तुमचाच हात दिसतो. चांगली तयार केलीत पोरीला."

मी कागदाकडे बघत राहिले. हात माझाच दिसत होता, ते काही खोटं नव्हतं.

घरी आईला दुसऱ्या शाखेचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जिन्यातल्या घरांना वरच्या मजल्याच्या पायऱ्या पाठ झाल्या असत्या. रात्री अंथरुणावर मी एकच हिशेब करत होते. तिकडे गेले तर इथली किल्ली द्यावी लागेल. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागेल. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, सात ते नऊ, आणि ते मी चोरून मिळवलेलं होतं.

मंगळवारी सकाळी टाचणीच्या ट्रेमध्ये एक समोरचा दात होता. वरचा, मधला. रंग सुरेख जमला होता. कडेची ती किंचित निळसर झाक, जी मला यायला सहा वर्षं लागली, ती तिथे होती. क्षणभर मला वाटलं, ही मीच केली की काय. पण दात शेजारच्याला भिडत नव्हता. मध्ये चांगली दीड मिलिमीटरची फट होती. मी मनात म्हटलं, अगं, रंगात जीव ओतलास आणि मापात झोपलीस.

मी बाजूला भर दिली, भाजली, घासून बसवली. तासाभरात फट बुजली. इतकी छान बुजली की मी ती कॅप खिडकीत धरून जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्या दिवशी दवाखान्यांत पोचवणारा मुलगा नऊच्या ठोक्यालाच आला आणि ट्रे झाकलेलाच घेऊन गेला.

कार्ड ट्रेखालीच होतं. बावीस वर्षांत मी एकही काम कार्ड उलटून बघितल्याशिवाय केलं नाही. पण दुसऱ्याचं काम दुरुस्त करायला बसलं की आपल्याला चूक आधी दिसते, आणि चूक दिसली की कार्ड कशाला वाचायचं.

शुक्रवारी सकाळी ती कॅप कार्डासकट परत आली, आणि साडेदहाला दवाखान्याचा फोन आला. मालक नेमके माझ्या केबिनमध्ये होते. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. ती सवय त्यांची फार वाईट आहे.

"मी कार्डाच्या मागे स्पष्ट लिहिलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "फट ठेवणे, दीड मिलिमीटर, जन्मापासूनची आहे. साठ वर्षांच्या बाई आहेत. जिन्यावरून पडून दात गेला. त्यांच्या बहिणीच्या दातांतही तशीच फट होती, बहीण मागच्या वर्षी वारली. कॅप बसवून आरसा दिला तर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, हे तोंड आमच्या घरातलं नाही. आता मी त्यांना काय सांगू?"

मालकांनी फोन ठेवला आणि टाचणीला आत बोलावलं. तीन माणसं झाली की माझी केबिन भरते. बाहेर मिशीची मान वर आली. कोणाचंच मशीन चालू नव्हतं.

टाचणी सव्वीस वर्षांची आहे, नावासारखीच बारीक, आणि टोचते तेव्हा जोरात टोचते. मालकांनी परत आलेलं कार्ड तिच्यापुढे उलटून धरलं.

"हे वाचलं होतंस?"

"हो."

"मग फट कशी बुजली?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मला ते बघणं आरोपासारखं वाटायला हवं होतं. पण आई औषध घ्यायला विसरली की मी तिच्याकडे जशी बघते, तसं ते बघणं होतं.

"करताना लक्षात राहिलं नाही," टाचणी म्हणाली.

"लक्षात राहिलं नाही," मालक म्हणाले. "आणि हिला आपण पहिलं टेबल देणार होतो. बाई, तुम्ही काही बोलत का नाही?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून आलं, "पुन्हा करून देऊ."

"ते तर द्यायचंच आहे. टेबलाचं राहू दे मग. नव्या शाखेसाठी बाहेरची माणसं बघतोय, त्यातला एखादा बसवू. चारला येतो मी."

ते गेले. टाचणीही गेली. तिने दार हळू लावलं, आणि ते दार हळू लागत नाही, त्याला जोर लावून हळू लावावं लागतं.

मी काय केलं ते मला कळत होतं. मी बोलले असते तर सकाळ गेली असती. मी सकाळ वाचवली, तिचं टेबल देऊन.

दुपारी सगळे जेवत होते. आज तिथे कोणी कोणाची चेष्टा करत नव्हतं. मिशी नुसता खाली बघून खात होता, आणि मिशी जेवताना गप्प असणं म्हणजे घड्याळ बंद पडण्यासारखं आहे. मी डबा न उघडता प्लॅस्टरच्या खोलीत गेले. काका एकटेच होते. ते जेवण आधी उरकतात आणि मग स्टुलावर बसून साच्यांना सोबत करतात.

"काका, तिने माझ्यासाठी खोटं का सांगितलं?"

काकांनी हात फडक्याला पुसले. दोन्ही बाजू पुसल्या, मग बोटांच्या बेचक्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं," काका म्हणाले. "नऊच्या ठोक्याला यायचं, भट्टीला हात लावायचा, तर कोमट. रात्रभर बंद असलेली भट्टी कोमट कशी?"

"आणि बाकीच्यांना?"

"कळतं ना. आपण घासलेली कड आपल्याला ओळखू येते."

"मग कोणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं?" ते खिडकीकडे बघून म्हणाले. "कोणी वाईट मनाने नाही केलं. मिशीच म्हणाला पहिल्यांदा. म्हणाला, तिचं तिथे काचेत काय आहे, असू दे तेवढं. मग पोरं ठेवायला लागली."

"काय ठेवायला लागली?"

"थोडं थोडं. हा एक दात कलता लावून जातो. ती एक खाच अर्धी सोडते. संध्याकाळी हात धुताना विचारतात एकमेकांना, सकाळचं ठेवलं का. रोज ठेवतात. सुट्टीवर जायचं असलं तर दुसऱ्याला सांगून जातात."

मी साच्यांच्या फळीला धरलं. घरातल्या म्हातारीला मटाराच्या शेंगा देतात ना सोलायला. तिला वाटतं, स्वयंपाक आपल्यामुळे होतोय. तिने सोललेले मटार कोणी मोजत नाही. वर्षभर मी शेंगा सोलत होते आणि त्याला लॅब सांभाळणं म्हणत होते.

"पण ती फट," मी म्हटलं.

"ती ठेवलेली नव्हती," काका म्हणाले. "ती बरोबर होती. त्या दिवशी पोरीने काही ठेवलंच नव्हतं. तो दात झाल्यावर ती मला दाखवायला घेऊन आली होती संध्याकाळी. म्हणाली, काका, हा असाच जाऊ दे असं वाटतं. मग इतका वेळ बघत बसली, की झाकण लावायचंसुद्धा विसरली असती."

पुढे काहीतरी त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. मग म्हणाले, "जेवण झालं का?"



चारला दोन मिनिटं असताना मालक आले. ते केबिनकडे निघाले होते, पण मी बाहेरच उभी होते, पहिल्या टेबलाजवळ. दिवसाच्या त्या वेळी तिथला उजेड पिवळा असतो, रंग बघायच्या कामाचा नाही. परत आलेली कॅप माझ्या हातात होती.

"काय बाई, इथे? ठरलं का?" मालक म्हणाले. "वरचा मजला."

"मालक, ही फट मी बुजवली."

त्यांना कळलं नाही. "म्हणजे? तुम्ही सांगितलंत तिला बुजवायला?"

"नाही. तिने बरोबर केली होती. मंगळवारी सकाळी मी येऊन बुजवली. कार्ड मी वाचलं नाही."

"तुम्ही सकाळी येऊन काम करता?"

"सात ते नऊ."

"कधीपासून?"

"बढतीनंतर दुसऱ्या महिन्यापासून."

मिशी वाकलेला होता तो सरळ झाला. मी पहिल्यांदाच बघितलं की त्याच्या मिशीत पांढरं बरंच आलंय. मालकांनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला, उलगडला, आणि त्या उतरत्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मग ही रेघ कोणाची?" ते म्हणाले.

"थोडी माझी. थोडी ह्यांची. नक्की सांगता येत नाही."

"तुम्हाला माणसं सांभाळता येतात म्हणून मी तुम्हाला वर नेत होतो."

"नाही येत. मला दात करता येतात."

"आणि मी बढती कोणाला देत होतो मग?" त्यांचा आवाज चिडका नव्हता. घरात शिरून चुकीच्या मजल्यावर आलोय हे कळल्यासारखा होता. त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं. वरच्या मजल्याचं सध्या राहू दे. ह्या टेबलाचं तरी सांगा. तुम्ही प्रमुख आहात अजून. ही मुलगी कशी आहे कामाला?"

अगदी साधा प्रश्न होता. प्रमुखाला विचारायचा पहिला प्रश्न. टाचणी तिच्या टेबलाशी उभी होती, हातात ब्रश तसाच. मी तिच्याकडे बघून उत्तर शोधायला लागले. तिची दाढ कशी असते? कड कशी असते? डोळ्यांपुढे जे जे आलं त्यावर माझा हात होता. एक दात फक्त मी हात लावायच्या आधी नीट पाहिला होता. तो रंगाने सुरेख होता, आणि मापानेही बरोबर होता, आणि तोच मी बिघडवला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "वर्षभरात मी तिचं एकही काम तसंच बाहेर जाऊ दिलं नाही."

काका प्लॅस्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते.

मालक टाचणीकडे वळले. "तुला तरी माहीत आहे का, तुझं काम कसं आहे ते?"

"नाही," टाचणी म्हणाली. "घरी सगळे विचारतात. मी सांगते, माझं काही परत येत नाही. ऐकणाऱ्याला छान वाटतं." तिने ब्रश खाली ठेवला. ठेवताना तो सरळ करत बसली, जणू तो नीट ठेवल्याशिवाय पुढचं वाक्य येणार नव्हतं. "एकदाच ठेवलं नव्हतं मी काही. म्हटलं, बघू परत येतं का. आलं. पण माझ्यामुळे नाही आलं, म्हणजे अजूनही कळलेलं नाहीच."

"अगं," मिशी दबक्या आवाजात म्हणाला.

"राहू दे ना आता," ती त्याला म्हणाली. मग ती माझ्याकडे आली. मला वाटलं, कॅप घ्यायला येतेय, म्हणून मी हात पुढे केला. तिने ती घेतली, खिडकीच्या त्या पिवळ्या उजेडात एकदा धरली, आणि मुठीत मिटली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

"मॅडम, सोमवारपासून सकाळी येऊ नका."